पांढऱ्या फ्लेक्सवरचा गुरुराज

आपला चेहरा देखणा आहे असं नंदकुमार मुळेगावकरांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या गुरुराज बोरामणीकरापेक्षा तो बरा आहे, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. गुरुराजचं नाक बसकं, एक भुवई दुसरीपेक्षा वर, आणि हसला की डोळे कुठे गेले ते शोधावं लागतं. नंदकुमारांचं नाक सरळ. लग्नाच्या वेळी मुलीकडच्या एका मावशीने त्यांना 'नाकीडोळी नीटस' म्हटलं होतं. हे खरं म्हणजे मुलींना म्हणतात, पण कौतुक ते कौतुक. त्यामुळे उत्कर्षाने जेवताना जाहीर केलं, की कॉलेजच्या कामासाठी ती गुरुराजकाकांचा चेहरा घेणार आहे, तेव्हा नंदकुमारांच्या हातातली कडक भाकरी जरा जास्तच आवाज करून मोडली.

उत्कर्षा त्यांची एकुलती एक मुलगी. पुण्याच्या डिझाइन कॉलेजात दृश्यमाध्यम हा विषय घेऊन तिसऱ्या वर्षाला होती. दृश्यमाध्यम म्हणजे काय, हे नंदकुमारांनी पहिल्या वर्षी विचारलं, दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं, आणि तिसऱ्या वर्षी ते स्वतःच लोकांना समजावून सांगायला लागले. यंदाचं काम असं होतं: आपल्या गावात ज्याचा फ्लेक्स कधी लागलेला नाही, अशा एका साध्या माणसाचा फ्लेक्स करायचा, चौकात लावायचा, तीन दिवस ठेवायचा आणि लोक काय करतात ते लांबून चित्रित करायचं. कुणाला काही समजावून सांगायचं नाही. सगळे मार्क त्या चित्रणावर.

आता सोलापुरात ज्याचा फ्लेक्स लागलेला नाही असा माणूस मिळणं हेच मुळात अवघड. वाढदिवस झाला फ्लेक्स, निवड झाली फ्लेक्स, निवड होण्याची शक्यता वाटली तरी फ्लेक्स. मधे उत्सवमूर्ती, वर नेत्यांची गोल गोल चित्रं, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेत आपला चेहरा शेजाऱ्यापेक्षा बारीक छापला म्हणून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झाल्याची उदाहरणं जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीतच होती. नंदकुमार मात्र त्या रांगेतसुद्धा कधी आले नव्हते. म्हणजे या कामासाठी ते अगदी हवे तसे होते.

"साधा माणूस घरात एक आहे की," ते भाकरीकडे बघत म्हणाले.

"तुमचा नको, बाबा," उत्कर्षा म्हणाली आणि हात धुवायला उठून गेली.

तो 'नको' नंदकुमारांना बोचला. नको म्हणजे काय? गुरुराज विमा कचेरीतून निवृत्त झालेला, आपण कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क. त्याचा प्लॉट आणि आपला प्लॉट एकाच दिवशी घेतलेला. मग पोटच्या पोरीला त्याच्या तोंडात असं काय दिसलं, की जे बापाच्या तोंडात नाही? त्यांच्या बायकोने, गोदावरीबाईंनी समजूत घातली, की घरचा माणूस घेतला तर मास्तरांना वशिला वाटेल. नंदकुमारांना हे पटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला त्यांचा वशिला लागायची वेळ आली होती, आणि तोही नको होता.

फोटो काढायला गुरुराज आला तो केस रंगवून, नवा सदरा घालून आणि अंगाला अत्तर लावून. अत्तर फोटोत येत नाही हे नंदकुमारांनी त्याला सांगितलं, पण तो म्हणाला की आतून बरं वाटतं. उत्कर्षाने त्याला खिडकीशी बसवलं आणि इकडेतिकडे बघून थर्माकोलचा एक मोठा तक्ता नंदकुमारांच्या हातात दिला. खिडकीतला उजेड त्या तक्त्यावरून परतवून गुरुराजच्या तोंडावर पाडायचा, एवढंच काम. तासभर ते तो तक्ता धरून उभे होते. खांदे भरून आले. गुरुराज मात्र रंगात आला होता.

"नंद्या, जरा वर धर की," तो म्हणाला. "डाव्या गालावर उजेड कमी पडालाय."

फ्लेक्स तयार झाला तो असा: सगळा पांढरा. मधोमध गुरुराजचा काळापांढरा चेहरा, मंद हसणारा. खाली बारीक अक्षरात नाव, आणि त्याखाली 'आपल्यातलेच एक'. नेते नाहीत, रांग नाही, फुगे नाहीत. मोकळी जागाच खरं बोलते, असं उत्कर्षाचं म्हणणं होतं. गोदावरीबाई बघून म्हणाल्या, शांत वाटतं. नंदकुमारांना एवढंच दिसलं, की काळ्यापांढऱ्यात गुरुराजची भुवईसुद्धा खानदानी वाटत होती. ज्याचा चेहरा, त्याने मात्र हे काही पाहिलंच नाही. तो त्याच सकाळी बायकोला घेऊन मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला वैरागला गेला होता. घराला कुलूप होतं.

फ्लेक्सला परवाना लागतो. उत्कर्षा कॅमेऱ्याच्या नादात होती, म्हणून महापालिकेच्या खिडकीवर बापाने जायचं ठरलं. अशा कामाला तीन हेलपाटे धरूनच चालावं, या हिशेबाने नंदकुमार डबा घेऊन गेले. पण खिडकीतल्या बाईंनी नमुन्याकडे बघितलं मात्र, त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी नंदकुमारांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि रांगेतल्या लोकांना दमात घेऊन त्यांचा कागद आधी पुढे सरकवला. नंदकुमारांना वाटलं, हेडक्लार्कच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असतोच.

"चांगला माणूस दिसतो चेहऱ्यावरून," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"कसला चांगला हो," नंदकुमार म्हणाले. "पक्का स्वार्थी आहे. कॉलनीच्या नळाला मोटर लावून पाणी ओढतो."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी शिक्का मारला आणि कागद देताना पुन्हा काही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

छपाईवाल्या सलमानचंही तसंच. एरवी हा सलमान फ्लेक्सला झालर लावू का, चमक टाकू का, कोपऱ्यात वाघ टाकू का, असं विचारून डोकं उठवतो. यावेळी त्याने नमुना पाहिला, डोक्यावर टोपी ठेवली आणि म्हणाला, "काका, तुमी काय टेन्शन घेऊ नका. चौकात लावायचं बी आमच्यावर." आणि उन्हं वर यायच्या आत त्याच्या माणसांनी फ्लेक्स चौकात चढवला, तोही असा निमूटपणे, की एरवी शिडीवर चढून आरडाओरडा करणारी ती माणसं हीच का, असं वाटावं.

उत्कर्षा समोरच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसली. दुपारी जेवायला आली ती आनंदाने फुलून. लोक थांबतात म्हणाली. चप्पल काढतात. एका आजींनी तर हात जोडले. एका साध्या चेहऱ्यापुढे लोक नम्र होतात, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नंदकुमारांनी आमटीची वाटी बाजूला सारली. गुरुराजपुढे हात जोडणारी कॉलनी आपण ओळखतच नव्हतो, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी महादेवप्पा आले. हे कॉलनीतले सर्वांत ज्येष्ठ, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे मालक, आणि कुणाच्या घरी काय करायचं हे त्या घराच्या आधी ठरवणारे. ते दारातच उभे राहिले. गुरुराजच्या कुलपाकडे बघून त्यांनी मान हलवली.

"लई भला माणूस," ते म्हणाले.

"तुम्हीसुद्धा?" नंदकुमार म्हणाले. "अहो, त्याच्या पेरूच्या झाडाची पानं रोज माझ्या अंगणात पडतात. तीस वर्षं झाडतोय मी."

"आता तरी सोड की, नंदू," महादेवप्पा म्हणाले, आणि डोळे पुसत गेले.

हे 'आता तरी' काय आहे याचा विचार करत नंदकुमार उभे होते, तेवढ्यात मंडईतून गोदावरीबाई आल्या. त्यांनी पिशवी दारातच ठेवली. चौकात सगळे म्हणतात गुरुराजभावजी वारले, असं त्यांनी सांगितलं. आपल्या पोरीचा फ्लेक्स बघून म्हणतात. पांढऱ्यावर काळापांढरा फोटो, खाली नाव, आणि घराला कुलूप. मग माणूस दुसरं काय समजणार?

नंदकुमार तसेच चौकात धावले. फ्लेक्सला झेंडूचा हार घातलेला होता, खांबाच्या भेगेत उदबत्ती खोवलेली होती, आणि गुरुराज वरून मंद हसत होता. खाली वीस-पंचवीस माणसं. कुणी सांगत होतं, की माझ्या पोराच्या नोकरीसाठी गुरुराज माझ्यासोबत चिंचोळीच्या एमआयडीसीत दिवसभर उन्हात हिंडला. कुणी सांगत होतं, माझी आई दवाखान्यात होती तेव्हा त्याने रक्त दिलं आणि वर डबाही आणला. दुधवाला म्हणाला, रोज 'जेवलास का' विचारणारा कॉलनीत तो एकच माणूस. हे सगळं नंदकुमार पहिल्यांदाच ऐकत होते. तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहून यातलं काही त्यांना माहीत नव्हतं, आणि आता कळत होतं तर ते ऐकवत नव्हतं. आपण गेलो तर यांच्यातलं कोण काय सांगेल, याचा त्यांनी घाईघाईने अंदाज घेतला. नंदकुमारांनी बोनाफाइड सर्टिफिकेट वेळेवर दिलं, यापलीकडे काही सुचेना. हेव्याने त्यांच्या छातीत खरोखर दुखायला लागलं.

"अहो, गुरुराज जिवंत आहे," ते मोठ्याने म्हणाले. "आणि तुम्ही समजता तेवढा चांगलाही नाही."

एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्याने पाणी आणलं. जवळचा माणूस गेला की आधी असंच होतं, मन मानत नाही, असं महादेवप्पांनी सगळ्यांना समजावलं. नंदकुमारांनी तिथेच खिशातून मोबाइल काढला आणि गुरुराजला फोन लावला. फोन वाजला. तो गुरुराजच्या कुलूपबंद घरातच वाजला, कारण गुरुराज तो चार्जिंगला लावून विसरून गेला होता. गल्लीच्या टोकाला, चौकापर्यंत ती भक्तिगीताची धून ऐकू आली आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

शेवटी गोदावरीबाईंनी गुरुराजच्या बायकोला फोन केला. पलीकडे बँड चालू होता. काय झालं ते काही केल्या तिला ऐकू जाईना. आम्ही उद्या संध्याकाळी येतो, एवढं बोलून तिने फोन ठेवला. नंदकुमार विजयी मुद्रेने लोकांकडे वळले आणि म्हणाले, की बघा, गुरुराज उद्या संध्याकाळी येतोय.

"उद्या आणणार हायत," महादेवप्पांनी मागे निरोप दिला. "सगळ्यांनी पाचला चौकात या."

उत्कर्षाला हे कळलं तेव्हा ती गच्चीवरून खाली आली आणि पायरीवर बसून राहिली. तिचं काम फसलं होतं. लोकांना चेहरा दिसलाच नाही, त्यांना नुसतं मरण दिसलं, असं ती म्हणाली. नंदकुमारांच्या मते लोकांना चेहरा दिसला होता, आणि गरजेपेक्षा जास्त दिसला होता. पण पोरीचे डोळे भरलेले बघून ते नुसतेच तिच्याशेजारी पायरीवर टेकले. ती म्हणाली, फ्लेक्स उतरवते, दुसरं काहीतरी करून देते, नापास तर नापास. बापलेक शिडी घेऊन चौकात गेले. महादेवप्पा आडवे आले. तेराव्याच्या आत फोटो हलवायचा न्हाय, असं त्यांनी शिडीचा पाय धरून सांगितलं. शिडी धरून भांडणारे ते दोन ज्येष्ठ नागरिकही उत्कर्षाच्या कॅमेऱ्यात आले, कारण गच्चीवरचा कॅमेरा चालूच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पाचला सगळी कॉलनी चौकात. दुकानं अर्धी बंद. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा नुकतीच संपलेली, हवेत थंडी, त्यामुळे बहुतेकांनी कानटोप्या घातलेल्या. गाडी यायला उशीर होता, तेव्हा तोवर चार शब्द बोलावेत असं महादेवप्पांनी ठरवलं. चार शब्द चौदा जणांनी बोलून झाले. मग सगळ्यांनी वळून नंदकुमारांकडे पाहिलं. सर्वांत जवळचे तेच. ते नाही नाही म्हणत असताना लोकांनी त्यांना खुर्चीवर चढवलं.

"गुरुराज माझ्या शेजारी राहतो," नंदकुमारांनी सुरुवात केली. 'राहतो' ऐकून पुढच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. "तो नळाला मोटर लावतो. त्याच्या पेरूची पानं माझ्याकडे पडतात. पेरूसुद्धा पडतात, हे मी आजवर सांगितलं नाही. आमच्या उत्कर्षाला पुण्याला पाठवू नका असं सगळे म्हणत होते, तेव्हा हा एकटा म्हणाला, पाठव. म्हणून मी पाठवली. आणि तिने याचा चेहरा घेतला. माझा घेतला नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांना बोलायचं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि त्यांनी कावरेबावरे होऊन गर्दीच्या मागे नजर टाकली. मागे एक रिक्षा उभी होती. तिच्याजवळ, हातात लग्नातल्या लाडवांचा डबा घेऊन, कानटोपी घातलेला गुरुराज उभा होता. सगळे शववाहिकेची वाट बघत होते, त्यामुळे रिक्षाकडे कुणी पाहिलं नव्हतं. गुरुराजचे डोळे पाण्याने भरले होते. नंदकुमारांशी नजर मिळताच त्याने हात वर केला आणि थांबू नको, चालू दे, अशी खूण केली.

तिथे मात्र नंदकुमारांचा संयम सुटला. "मागे बघा," ते ओरडले. "तो बघा, उभा राहून ऐकतोय."

पुढे जे झालं त्याचं वर्णन प्रत्येकजण वेगवेगळं करतो. एक आजी खाली बसल्या. दोघंजण पळाले. महादेवप्पांनी गुरुराजला चिमटा काढून पाहिला, आणि तो 'आई गं' म्हणाल्यावर त्यांना आनंद झाला, पण थोडा रागही आला. मग नवा हार आला. गुरुराजला खांद्यावर घेऊन लोकांनी कॉलनीभर फिरवलं, हलगी लागली, लाडू वाटले गेले. एकाच संध्याकाळी श्रद्धांजली आणि मिरवणूक असे दोन्ही मान मिळालेला सोलापुरातला तो पहिलाच माणूस असावा. नंदकुमार रिकाम्या खुर्चीजवळ उभे होते. खुर्ची महादेवप्पांच्या दुकानात कुणी पोचवायची, असा प्रश्न होता, तो त्यांनीच सोडवला.

उत्कर्षाने सगळं जोडून फिल्म कॉलेजला पाठवली. मास्तरांना ती इतकी आवडली, की वर्गातले सर्वांत जास्त मार्क तिला मिळाले. कॉलनीत पेढे वाटले गेले. बहुतेकांनी पेढा खाल्ला आणि गुरुराजचं अभिनंदन केलं.

ती पुण्याला परत निघाली त्या सकाळी नंदकुमार तिची बॅग बांधत होते. चेन बसत नव्हती. ते चेनशीच झटत होते आणि चेनकडेच बघत म्हणाले, "एक विचारू का? माझ्या चेहऱ्यात काय कमी होतं?"

उत्कर्षाने हातातले कपडे खाली ठेवले. मग ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"पहिला तुमचाच लावला होता, बाबा," ती म्हणाली. "दिवाळीतला फोटो. रंग काढले, पांढऱ्यावर ठेवला, खाली नाव टाकलं. आणि मला तो बघवेना. का ते कळलं नाही. लॅपटॉप बंद केला आणि आईजवळ जाऊन बसले. त्या दिवशी चौकात काकांच्या फोटोला हार घातलेला पाहिला, तेव्हा कळलं."

"मग गुरुराजचा?"

"काकांचा लावला तेव्हा काही वाटलं नाही," ती खाली बघत म्हणाली. "डिझाइन चांगलं दिसत होतं."

नंदकुमारांनी चेन ओढली. ती बसली. ते उठून मागच्या दारी गेले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि हेडक्लार्कने मुलीसमोर रडू नये असं त्यांचं मत होतं. अंगणात पेरूची पानं पडली होती. कुंपणापलीकडे गुरुराज वर्तमानपत्रात आलेला आपल्या मिरवणुकीचा फोटो कात्रीने कापत होता.

"नंद्या," तो म्हणाला, "खरं सांग. पोरीनं माझा चेहरा घेतला म्हणून तुला वाईट वाटलं की नाही?"

नंदकुमारांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तीस वर्षांत त्यांच्याकडे गुरुराजला ऐकवण्यासारखं असं काही कधी आलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. गुरुराज भुवई वर करून, कात्री हातात धरून वाट बघत होता. हे एकदा ऐकलं की त्याला काय काय कळेल, ते सगळं नंदकुमारांना त्या भुवईखाली दिसलं, आणि त्यांनी तोंड मिटलं.

"वाटलं होतं थोडं," ते म्हणाले. "पण पोरीची निवड बरोबर होती. तुझाच चेहरा शोभला रे."

गुरुराजला हे इतकं भिडलं, की त्याने कात्री खाली ठेवली आणि कुंपणावरून हात पुढे केला. नंदकुमारांनी तो बराच वेळ सोडला नाही.